तेरदाळकरबाईंचे सहावे प्रकरण

सुमन तेरदाळकर यांना मी प्रथम पाहिले तेव्हा त्या काच टाकायच्या पिंपांपुढे उभ्या होत्या. हॅनोव्हरला आमच्या गल्लीच्या तोंडाशी रिकाम्या बाटल्यांसाठी तीन मोठी पिंपे होती, आजही आहेत. एक पांढऱ्या काचेसाठी, एक तपकिरी काचेसाठी, एक हिरव्या काचेसाठी. बाईंच्या हातात निळी बाटली होती. जाड इरकली साडी, वर पुरुषी ओव्हरकोट, पायात लोकरी मोजे. वय पंचेचाळिशीच्या आसपास. नोव्हेंबरचा वारा बोचरा होता आणि त्या हलत नव्हत्या.

मी कारखान्यातून परतत होतो. "मराठी का?" असे मी विचारले.

"हो. ही कुठं टाकायची?"

नाव नाही, गाव नाही, परदेशात आपले माणूस भेटल्याचा आनंद नाही.

"हिरव्यात," मी म्हणालो.

"का?"

"तसा नियम आहे."

"नियम मी वाचला. इथं लिहिलाय. मी कारण विचारतेय."

कारण मला ठाऊक नव्हते. तीस वर्षे मी निळ्या बाटल्या हिरव्या पिंपात टाकत आलो होतो आणि त्यात काही विचारण्यासारखे आहे असे मला वाटले नव्हते. बाईंनी बाटली पुन्हा पिशवीत ठेवली आणि त्या चालू लागल्या.

चौथ्या दिवशी सकाळी आमच्या दाराची घंटा वाजली. दारात त्याच बाई.

"हिरव्या काचेत दुसरा रंग थोडा मिसळला तरी चालतो. पांढऱ्यात चालत नाही. नगरपालिकेला फोन केला होता. पटलं. आत्ता टाकून आले." मग जरा थांबून, "मी तेरदाळकर. तिसऱ्या मजल्यावर नवीन आलेय."

पुढच्या सव्वातीन वर्षांत त्या आमच्याकडे किती वेळा आल्या याची मोजदाद नाही. पण या दोन भेटींत जे दिसले त्याहून वेगळे काही पुढे दिसले असे म्हणता येणार नाही. 'पटलं' आणि 'पटलं नाही' या दोन शेऱ्यांवर त्यांचा सारा संसार चालला होता. पुस्तक वाचताना समासात त्या पेन्सिलीने यांपैकी एक शेरा लिहीत. माणसांच्या बाबतीत लिहीत नसत, पण चेहऱ्यावर तो वाचता येई.

नवे शतक सुरू होऊन तीन-चार वर्षे झाली होती. बाई सांगलीकडच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात अठरा वर्षे शिकवीत होत्या आणि अध्ययन रजा घेऊन इथल्या विद्यापीठात डॉक्टरेटसाठी आल्या होत्या. लग्न केलेले नव्हते. आई धाकट्या भावाकडे होती. महाविद्यालयात नवा दंडक आला होता: डॉक्टरेट असेल त्यानेच पुढे पदव्युत्तर वर्गाला शिकवायचे. बाईंना पदाची ओढ नव्हती, पदव्युत्तर वर्गाची होती. "खालच्या वर्गाला उत्तरं द्यायची असतात. वरच्या वर्गाला प्रश्न देता येतात," असे त्या म्हणत. रजा वाढणार नव्हती. ती संपायच्या आत पदवी हाती यायला हवी होती; नंतर आली तर तिचा उपयोग नव्हता.

त्यांचे जर्मन हा आमच्या इमारतीत कौतुकाचा विषय होता. त्या भाषा शिकल्या त्या सरकारी पत्रांवरून. परकीय नागरिकांच्या कचेरीतून, विमा कंपनीकडून, घरमालकाकडून जी पत्रे येत ती त्या शब्दकोश घेऊन तपासत आणि त्यातली वाक्ये जशीच्या तशी वापरत. परिणामी बेकरीत चार पाव मागताना त्या 'मी याद्वारे चार पावांची विनंती सादर करते' अशा थाटाचे काहीतरी बोलत. बेकरीवाली हसू दाबत असे. पण चूक नसे. माझी मुलगी इथेच जन्मली, इथेच शिकली. तिनेसुद्धा एकदा कबूल केले की तेरदाळकर मावशींच्या विभक्ती तिच्यापेक्षा शुद्ध आहेत. हे ती जर्मनमध्येच म्हणाली, ते सोडा.

प्रबंधाचा विषय होता संगणकाच्या भाषांची कुळे. संगणकाला काम सांगण्याच्या भाषा शेकडो आहेत; त्यांच्यातले नाते कोणते, आणि ते कशावरून ठरवायचे. बाईंनी पोस्टकार्डे मधोमध कापून प्रत्येक भाषेचे एक टिपण केले होते. टिपणे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात असत. खोडरबर त्यांच्याकडे नव्हते. चुकलेल्या मजकुरावर त्या एकच सरळ रेघ मारीत, खालचा मजकूर वाचता येईल अशी. मी त्याबद्दल विचारले तेव्हा म्हणाल्या, "पुसून टाकलेली चूक मी परत करते. अनुभव आहे."

माझी पत्नी सुधा हिने एका रविवारी मेथी निवडताना त्यांना सरळच विचारले. "तुमचं नेमकं चाललंय तरी काय, बाई? ह्यांना विचारलं तर हे म्हणतात तुला कळणार नाही."

बाईंनी माझ्याकडे पाहिले. तो 'पटलं नाही'चा चेहरा होता. मग जुडी पुढे ओढून त्या म्हणाल्या:

"समजा, आमटी करायचीय. एक जण कृती सांगतो. डाळ शिजवा, तेल तापवा, मोहरी टाका. क्रम चुकला की आमटी गेली. हे आज्ञाप्रधान कूळ."

"मी अशीच करते."

"जगातले बहुतेक सगळे असंच करतात. दुसरा म्हणतो, आमटी म्हणजे शिजलेली डाळ अधिक फोडणी. शिजलेली डाळ म्हणजे डाळ, पाणी आणि आच. तो हुकूम देत नाही, व्याख्या सांगतो. ते फलनप्रधान. तिसरा कृतीही सांगत नाही आणि व्याख्याही. तो नुसत्या अटी घालतो. चौघांना पुरावी, तिखट नसावी, अर्ध्या तासात व्हावी. कशी ते तुमचं तुम्ही बघा. ते तर्कप्रधान."

"म्हणजे आमच्या ह्यांचं कूळ," सुधा म्हणाली.

बाई हसल्या नाहीत, पण थांबल्या. "चौथा भांड्यांनाच शिकवून ठेवतो. कुकरला एवढंच म्हणायचं, शिजव. कसं शिजवायचं ते कुकरच्या पोटात. ते वस्तुप्रधान. झाली चार."

"आणि यातल्या कुठल्या पद्धतीत हात भाजत नाही?"

बाईंचा हात मेथीवर तसाच राहिला. "हेच विचारलं होतं मला. सांगलीला. अठरा वर्षं मी कुळांचं हे झाड फळ्यावर काढतेय. एका वर्षी एक मुलगी उठून म्हणाली, बाई, यातलं सुरक्षित कूळ कुठलं? मी म्हणाले, पुढच्या तासाला सांगते." त्यांनी एक देठ मोडला. "तो तास अजून व्हायचाय."

त्या प्रश्नासाठी ही बाई चाळिशी उलटल्यावर समुद्र ओलांडून आली होती, हे मला त्या दिवशी कळले. पदवी हे निमित्त होते.

प्रश्न किती अवघड आहे हे कळायला मला वेळ लागला, आणि ते माझ्याच धंद्यातून कळले. मी बरण्या भरणाऱ्या यंत्रांची नियंत्रणे बनविणाऱ्या एका कंपनीत होतो. आमच्या एका यंत्रात लेबलावर छापायच्या नावासाठी बारा अक्षरांची जागा राखली होती. एका गिऱ्हाइकाने पंधरा अक्षरांचे नाव भरले. उरलेली तीन अक्षरे शेजारच्या जागेत सांडली, आणि त्या जागेत यंत्राचा वेग लिहिलेला होता. यंत्र इतके वेगाने फिरले की मुरंब्याच्या दोनशे बरण्या भिंतीवर गेल्या. माणूस जवळ नव्हता, हे नशीब. मी ही हकीकत बाईंना गंमत म्हणून सांगितली. त्यांनी कार्ड काढले.

"भाषा कुठली होती?"

मी सांगितली.

"आणि तीन अक्षरं सांडताना भाषा काही बोलली नाही?"

"ती बोलत नाही. म्हणून तर आम्ही ती वापरतो. मध्ये बोलणारी भाषा यंत्राला सावकाश करते."

"हिची एक सख्खी बहीण आहे. तेच कूळ, तेच वळण, वाक्यंसुद्धा जवळपास तीच. ती तेराव्या अक्षराला थांबवते." बाई कार्डाकडे पाहत राहिल्या. "आता सांगा, सुरक्षितता हे कूळ कसं होईल? एकाच घरात एक बहीण सांभाळून घेते, दुसरी नाही. बरं, कुळाशी काहीच संबंध नाही म्हणावं, तर तेही खोटं. फलनप्रधान घरात काही अपघात घडूच शकत नाहीत, कारण तिथं कोणी कोणाच्या डब्यात हात घालत नाही. म्हणजे ती कुळातही आहे आणि कुळाबाहेरही."

"मग लिहायचे कुठे?"

"गेनाऊ," बाई म्हणाल्या. 'अगदी बरोबर' अशा अर्थाचा हा एकच जर्मन शब्द त्या मराठीत वापरीत. "भाषा काय करू देते यावरून मी कुळं लावली. सुरक्षितता म्हणजे भाषा काय करू देत नाही. नकारांची कुळं कशी लावायची ते मला येत नाही."

त्यांचे मार्गदर्शक निवृत्तीला आलेले, जुन्या वळणाचे प्राध्यापक होते. प्रबंधाच्या पाचव्या प्रकरणाच्या शेवटी बाईंनी एक वाक्य लिहिले होते: 'या वर्गीकरणात सुरक्षिततेचे स्थान मला निश्चित करता आलेले नाही.' त्यापुढे तीन पाने, का आले नाही याची. म्हाताऱ्याने त्या वाक्याखाली रेघ ओढून 'प्रबंधातील सर्वांत चांगले वाक्य' असे लिहिले. बाईंनी ते पान आम्हाला आणून दाखवले. स्वतःची वस्तू दाखवायला आलेल्या त्या मी तेवढ्याच पाहिल्या.

मग तो म्हातारा निवृत्त झाला. इकडे प्राध्यापक बदलला की त्या आसनाचा, म्हणजे प्राध्यापकपदाचा, विषयही बदलतो. नवे प्राध्यापक आले ते सुरक्षिततेचेच तज्ज्ञ. चाळीस वर्षांचे, तत्पर, मर्यादशील. बाईंचा विद्यापीठाशी असलेला करार मार्चपर्यंत वाढवून देण्यासाठी त्यांनी स्वतः चार कचेऱ्यांत खेपा घातल्या. ते दुष्ट नव्हते. दुष्ट असते तर आम्हा सर्वांना सोपे गेले असते. त्यांनी प्रबंध वाचला आणि सौम्यपणे म्हणाले की वर्गीकरण उत्तम आहे, परंतु ज्या विषयाचे हे आसन आहे त्याच विषयाला प्रबंधात जागा नाही, असा प्रबंध आपण पुढे कसा पाठवू शकतो? एक सहावे प्रकरण जोडा. सुरक्षित भाषांची पाचवी शाखा काढा. परिपूर्ण नसली तरी चालेल.

बाई म्हणाल्या, पटत नाही. ते म्हणाले, विचार करा.

सप्टेंबर होता. प्रबंध ऑक्टोबरात सादर झाला तर फेब्रुवारीत तोंडी परीक्षा, मार्चात करार संपणार, जूनमध्ये सांगलीची रजा संपणार. यात एक महिनादेखील इकडेतिकडे करता येत नव्हता. बाई दोन आठवडे आमच्याकडे फिरकल्या नाहीत. आल्या तेव्हा त्यांचे डोळे सुजलेले होते. त्या रडल्या होत्या की जागल्या होत्या, मी विचारले नाही.

"अहो, तुम्ही तरी काही सांगा त्यांना," सुधा मला म्हणाली.

मी सांगितले. शब्द अजून आठवतात, कारण ते माझे होते. "बाई, एक फांदी काढा. पदवी घ्या. सांगलीला जाऊन छाटून टाका."

"कानडेसाहेब, तुम्ही न तपासलेल्या यंत्रावर कधी सही केलीत?"

"केली आहे. दोनदा."

"मग?"

"यंत्रे चालली."

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. मला वाटले, आता 'पटलं नाही' येईल. आले नाही. त्या उठून वर गेल्या आणि अकरा दिवसांत त्यांनी सहावे प्रकरण लिहिले. छत्तीस पाने. मी ते वाचले. भाषा निर्दोष, मांडणी रेखीव. एरवी त्यांचा स्वतःचा मजकूरही पेन्सिलीच्या शेऱ्यांनी भरलेला असे. या प्रकरणाचे समास कोरे होते. ते माझ्या लक्षात आले. मी काही बोललो नाही. काम झाले, याचे मला समाधान होते.

तोंडी परीक्षा इकडे सर्वांसमोर होते. त्या दिवशी खोलीत वीस-बावीस माणसे असतील. सुधाने साठ बटाटेवडे केले होते, कारण परीक्षेनंतर उमेदवाराने सर्वांना खाऊ घालण्याची इकडे रीत आहे. आणखीही एक रीत आहे. उमेदवार बाहेर आला की विभागातली माणसे त्याला स्वतः बनविलेली पुठ्ठ्याची टोपी घालतात, तिच्यावर त्याच्या विषयाची चिन्हे लावलेली असतात, आणि हातगाडीत बसवून आवारात फिरवतात. विभागाच्या सचिव फ्राऊ लोझे यांनी टोपी आदल्या आठवड्यातच करून ठेवली होती. हातगाडीला रंगीत कागद लावून ती बाहेरच्या बोळात उभी होती. आत जाताना बाईंनी ती पाहिली. "यात मी बसायचं?" त्या मला म्हणाल्या. "इरकली चुरगळेल." पण त्या खुशीत होत्या. तेवढाच वेळ.

त्या चाळीस मिनिटे बोलल्या. त्यांच्या त्या सरकारी पत्रांच्या जर्मनमध्ये, एकाही ठिकाणी न अडखळता. नव्या प्राध्यापकांनी तीन प्रश्न विचारले, उत्तरे चोख आली. मग अध्यक्षांनी निवृत्त प्राध्यापकांना विचारले, आपल्याला काही विचारायचे आहे का. म्हातारा समितीत होता. त्याने सहावे प्रकरण प्रथमच पाहिले होते आणि, मला खात्री आहे, त्याला खरोखरच जाणून घ्यायचे होते. तो पुढे वाकून म्हणाला:

"फ्राऊ तेरदाळकर, या पाचव्या शाखेवर अशी एखादी भाषा आहे का, जी आधीच्या चारांपैकी कोणत्याही शाखेवर बसलेली नाही?"

"नाही. एकही नाही."

"मग ती शाखा आहे का?"

बाई पडद्यावरच्या आकृतीकडे वळल्या. मग पुन्हा आमच्याकडे वळून, अगदी सावकाश म्हणाल्या, "नाही. ती शाखा नाही. सहावे प्रकरण चुकीचे आहे. तिथे जागा भरणे आवश्यक होते म्हणून मी ते लिहिले."

म्हाताऱ्याचा चेहरा मी पाहिला. आपण काय विचारून बसलो हे त्याला त्या क्षणी कळले. त्याने हात वर केला, जणू काही प्रश्न परत घ्यायचा होता. अध्यक्ष म्हणाले, धन्यवाद, आम्ही विचारविनिमय करू.

एरवी पंधरा मिनिटे लागतात. अर्धा तास झाला. फ्राऊ लोझे टोपी पाठीमागे धरून उभ्या होत्या. मग दार उघडले आणि नवे प्राध्यापक एकटेच बाहेर येऊन थेट माझ्यापाशी आले. त्यांच्या कपाळावर घाम होता.

"हेर कानडे, आपण त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोला. आम्हाला त्यांना उत्तीर्ण करायचे आहे. पण ते वाक्य सर्वांनी ऐकले आहे, नोंदीत गेले आहे. त्यांनी एवढेच म्हणावे की परक्या भाषेमुळे आपले म्हणणे नीट मांडता आले नाही. आम्ही तशी नोंद करू. एवढेच."

मी बाईंना खिडकीपाशी नेले. त्यांना सगळे सांगितले.

"म्हणजे माझं जर्मन चुकलं म्हणायचं?"

"हो. परक्या भाषेत कोणाचेही चुकते. कोणी दोष देणार नाही."

"साहेब, माझं जर्मन चुकलं नाही. वाक्य बरोबर होतं. प्रकरण चुकलंय."

"बाई, जून."

"माहीत आहे."

"पदव्युत्तर वर्ग."

"त्यांना काय सांगू? चुकीचं प्रकरण लिहून आले आणि ते चुकीचं आहे म्हणाले, तेही खोटं होतं असं सांगून आले?"

ती फांदी काढा म्हणून मीच सांगितले होते, आणि आता चूक फांदीत नव्हती, जर्मनमध्ये होती असे म्हणा, हेही सांगायला मीच उभा होतो. मी आणखी एकदा "बाई" म्हणालो. त्यांनी पदर सारखा केला आणि त्या आत गेल्या.

दोन मिनिटांत निर्णय झाला. तोंडी परीक्षा मान्य नाही. एका वर्षाच्या आत पुन्हा देता येईल, सहाव्या प्रकरणाला समर्थन करता येईल असे रूप देऊन. बाईंनी उभे राहून ऐकले आणि आभार मानले.

बोळात पंधरा माणसे, एक सजवलेली हातगाडी आणि साठ वडे. काय करावे हे कोणालाच कळेना. अशा प्रसंगाची रीत इकडे नाही. फ्राऊ लोझे टोपी कपाटात लपवायला निघाल्या तेव्हा बाईंनी त्यांना थांबवले. "ही वस्तू कोणी तयार केली, याची माहिती मिळू शकेल काय?" त्यांनी विचारले. फ्राऊ लोझे रडू लागल्या. बाईंनी टोपी हातात घेऊन सगळ्या बाजूंनी पाहिली. वर तारेचे झाड होते. चार फांद्या हिरव्या, पाचवी लाल लोकरीने गुंडाळलेली, आणि तिच्या टोकाला एक इवलेसे खरे कुलूप. फ्राऊ लोझे यांनी प्रबंध वाचून, समजून केली होती. बाई म्हणाल्या, "काम फार सुबक आहे," आणि ती त्यांनी डोक्यावर घातली. नीट बसली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

"वडे गार होतायत," बाई सुधाला म्हणाल्या. "वाढा."

सर्वांनी खाल्ले. अध्यक्षांनी खाल्ले, नव्या प्राध्यापकांनी दोन खाल्ले, कारण नाही म्हणण्याचे धैर्य त्यांना झाले नाही. शॅम्पेनच्या बाटल्या आणल्याच होत्या, त्याही उघडल्या. निवृत्त प्राध्यापक भिंतीशी खुर्चीवर बसून होते. बाईंनी त्यांच्या बशीत वडा ठेवला. त्यांनी मान वर केली नाही. बाई म्हणाल्या, "आपला प्रश्न योग्य होता, हेर प्रोफेसर." त्यांनी मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून, ते सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला कंपनीच्या कामासाठी पोलंडला निघायचे होते, पाच आठवड्यांसाठी. मी परतलो तेव्हा तिसऱ्या मजल्याच्या घंटेवर दुसरे नाव होते. बाई सुधाला भेटून सांगलीला गेल्या होत्या. माझ्यासाठी निरोप नव्हता. असावा अशी अपेक्षाही मी केली नाही. वर्षभरात परत येऊन परीक्षा देता आली असती. नव्या प्राध्यापकांनी दोनदा पत्र लिहिले, तिसऱ्यांदा माझ्याकरवी निरोप पाठवला. बाईंनी उत्तरात सर्वांची विचारपूस केली, सुधाच्या गुडघ्याची विशेष. सहाव्या प्रकरणाबद्दल एक अक्षर नाही. मुदत संपली. त्यांच्या हाताखाली शिकलेले दोघे पदव्युत्तर वर्गाला शिकवू लागले असे ऐकले. बाई खालच्या वर्गालाच शिकवून निवृत्त झाल्या. त्यांची माझी पुन्हा भेट झाली नाही.

म्हणजे शेवटचे पाहिले ते परीक्षेच्या दुपारी. सर्व पांगल्यावर आम्ही घरी आलो आणि सुधाच्या लक्षात आले की तिचा वड्यांचा मोठा डबा तिथेच राहिला. मी परत गेलो. विभाग रिकामा होता. बोळातून हातगाडी कोणीतरी हलवली होती. टोकाला चहा करण्याची छोटी खोली होती, तिला काचेचे दार. आत बाई एकट्या पेले धूत होत्या. खाऊ घालणाऱ्यानेच मागचे आवरायचे, हीही इथली रीतच. ओव्हरकोट काढून ठेवलेला, इरकलीचा पदर खोचलेला, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या. टोपी त्यांच्या डोक्यावरच होती. मोरीचा कठडा सगळीकडे ओला होता आणि टोपी पुठ्ठ्याची. ठेवायला दुसरी जागा त्यांना दिसली नसावी.

डबा त्यांच्या शेजारी, धुऊन पालथा घातलेला होता. फडके दाराच्या मुठीला अडकवलेले होते, माझ्या बाजूने. मी ते घेऊ शकलो असतो. आत जाऊन पेले पुसू शकलो असतो. बोलण्याचीही गरज पडली नसती.

बाईंनी एक पेला खिडकीच्या उजेडात धरला, फिरवून पाहिला आणि पुन्हा पाण्याखाली घेतला. मान हलली तसे ते कुलूप हलले. मी डबा न घेताच घरी आलो.